विद्यापीठातील तत्त्वज्ञानाचा अभ्यास : महाराष्ट्राच्या अनुभवाचा हिशेब

‘तत्त्वज्ञान शिकून पोट भरते काय?’ हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे आणि तो विचारणाऱ्यास दोष देण्याचे कारण नाही. ज्या घरात महिनाअखेरीस वाण्याच्या उधारीची चिंता असते, त्या घरातील वडिलांनी मुलास ‘ज्यावर नोकरी मिळेल असाच विषय घे’ असे सांगितले, तर त्यात त्यांचे काय चुकले? तथापि ह्या प्रश्नाचे उत्तर नुसत्या वादाने देण्यापेक्षा इतिहासास विचारून द्यावे हे अधिक बरे. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. तेव्हापासून आजपर्यंत ज्यांनी हा विषय विद्यापीठात अभ्यासिला त्यांनी पुढे काय केले, त्यांस तो अभ्यासता यावा म्हणून द्रव्य कोणी पुरविले, आणि समाजाच्या पदरात त्यातून काय पडले, ह्याचा हिशेब मांडणे शक्य आहे. तोच प्रस्तुत लेखात मांडण्याचे योजिले आहे.

प्रारंभीच एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. प्रस्तुत लेखक मॅट्रिकपर्यंतच शिकलेला असून महाविद्यालयाची पायरी चढण्याचा योग त्यास आला नाही. सारे आयुष्य शाळेत मुलांना शिकविण्यात गेले. तत्त्वज्ञानाशी जो काही परिचय झाला तो गावच्या वाचनालयातील पुस्तकांमधून. तेव्हा हे विद्वानाचे प्रतिपादन नसून एका शिक्षकाने जमविलेली टिपणे आहेत, असे समजून ज्ञातिबंधुभगिनींनी ती वाचावीत.

विषय कोणता?

तत्त्वज्ञान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कीर्तन, प्रवचन किंवा पारायण उभे राहते. विद्यापीठातील विषय ह्याहून निराळा आहे. त्यात मुख्यत्वे चार गोष्टी येतात. योग्य अनुमान कोणते व अयोग्य कोणते, हे सांगणारे तर्कशास्त्र ही पहिली. वागावे कसे आणि तसेच का वागावे, ह्याचा विचार करणारे नीतिशास्त्र ही दुसरी. आपल्याला एखादी गोष्ट ‘माहीत आहे’ असे आपण म्हणतो ते कोणत्या आधारावर, हे तपासणारी ज्ञानमीमांसा ही तिसरी. आणि जगाचे मूळ स्वरूप काय, हा शोध ही चौथी. ह्या चारही बाबतींत पूर्वेच्या व पश्चिमेच्या विचारवंतांनी कोणकोणती मते मांडली आणि एकमेकांची मते कशी खोडून काढली, ह्याचा इतिहासही विद्यार्थ्यास अभ्यासावा लागतो.

हा व्यवहार आपल्या देशाला परका नाही. न्यायशास्त्रकारांनी अनुमानाचे प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय व निगमन असे पाच अवयव पाडले. डोंगरावर अग्नी आहे, कारण तेथे धूर दिसतो. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. तसाच धूर ह्या डोंगरावर आहे. म्हणून तेथे अग्नी आहे. हे उदाहरण शेकडो वर्षे पाठशाळांतून घोकले गेले. त्याच शास्त्रकारांनी खोट्या हेतूंची, म्हणजे हेत्वाभासांचीही, गणती केली. आपल्या रोजच्या बोलण्यात असले फसवे हेतू किती असतात पाहा. ‘शेजारच्या मुलाने अमुक शिकवणी लावली आणि तो पहिला आला, म्हणजे ती शिकवणी लावली की मुलगा पहिला येतो!’ ती शिकवणी लावूनही मागे राहिलेली मुले किती, हे कोणी विचारीत नाही. ‘हे कशावरून?’ असे शांतपणे विचारण्याची सवय लावणे, हेच ह्या विषयाचे पहिले काम होय.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पदार्थविज्ञानात किंवा वनस्पतिशास्त्रात संशोधन करून आपल्या मुली-मुलांना जी ‘पीएच.डी.’ मिळते, तिचा अर्थच ‘तत्त्वज्ञानाचा पंडित’ असा आहे. युरोपातील जुन्या विद्यापीठांत धर्मशास्त्र, कायदा व वैद्यक ह्या तीन विद्याशाखा वरच्या मानल्या जात. बाकीच्या सर्व विद्या तत्त्वज्ञानाच्या शाखेत मोडत. शास्त्रे पुढे मोठी होऊन वेगळी निघाली, परंतु पदवीचे नाव मात्र मूळ घराचेच राहिले.

आगरकरांचे उदाहरण

महाराष्ट्रात ह्या अभ्यासाचे फळ प्रथम ठळकपणे दिसले ते गोपाळ गणेश आगरकर ह्यांच्या रूपाने. कऱ्हाडजवळील टेंभू ह्या खेड्यात १८५६ साली त्यांचा जन्म झाला. घरची स्थिती इतकी हलाखीची की शिक्षणासाठी कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण त्यांना करावी लागली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना अंगात घालावयास एकच सदरा होता व तो रात्री धुऊन सकाळी घालावा लागे, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. अशा मुलाने एम.ए.ला विषय कोणते घ्यावेत? त्याने घेतले इतिहास आणि तत्त्वज्ञान.

त्या काळी एम.ए. झालेल्यास सरकारी नोकरी सहज मिळे. आगरकरांनी आपल्या मातोश्रींना पत्र लिहून कळविले की मोठ्या पगाराची आशा करू नये. पोटापुरत्या मिळकतीवर संतुष्ट राहून आपण सारा वेळ लोकांच्या कामी घालविणार. आणि ते खरोखरच १८८० साली स्थापन झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. १८८१ मध्ये निघालेल्या ‘केसरी’चे ते पहिले संपादक. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघाले. १८९२ पासून मृत्यूपर्यंत ते त्या कॉलेजचे प्राचार्य होते. १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ पत्र काढले. १८९५ साली ते वारले तेव्हा त्यांनी वयाची चाळिशीही गाठली नव्हती.

त्यांनी मिल्ल व स्पेन्सर ह्या इंग्रज तत्त्वज्ञांचे ग्रंथ आस्थेने अभ्यासिले होते, आणि त्या अभ्यासाची खूण त्यांच्या प्रत्येक निबंधावर आहे. बालविवाह असो, विधवेचे केशवपन असो की स्त्रियांचे शिक्षण असो, ते प्रथम रूढीचे समर्थन करणाऱ्यांची कारणे एकेक करून मांडतात, मग प्रत्येक कारण वजन करून पाहतात आणि शेवटी आपला निर्णय सांगतात. शिवी देऊन प्रतिपक्षास गप्प करणे सोपे असते. त्याचा हेतूच खोटा आहे असे दाखवून देणे अवघड. ते अवघड काम आगरकरांनी केले, आणि त्याबद्दल जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा निघालेली त्यांना पाहावी लागली. आज आपल्या प्रत्येक घरात मुली शिकतात, ह्यात त्या निबंधांचा वाटा आहे.

शिक्षक ह्या नात्याने आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. वाक्यपृथक्करण हा जो विषय आपण शाळेत शिकलो व शिकविला, त्यावर आगरकरांनी १८८८ साली एक स्वतंत्र पुस्तक लिहिले आहे. उद्देश्य कोणते, विधेय कोणते, कोणते वाक्य कोणावर अवलंबून आहे, ही फोड करणे म्हणजे व्याकरणाच्या वेषातील तर्कशास्त्रच. कंटाळवाणे म्हणून मुले ज्या धड्याला नावे ठेवीत, त्याच्या मागे एका तत्त्वज्ञाची तळमळ उभी आहे.

एकाच विषयातून दोन वाटा

‘हा विषय घेतला म्हणजे मुलगा नास्तिक होतो, घरातील देवधर्म मोडतो,’ अशी भीती काही वडीलधाऱ्यांस वाटते. आगरकर अज्ञेयवादी होते हे खरे. परंतु त्याच मुंबई विद्यापीठाचे दुसरे एक विद्यार्थी पाहा. रामचंद्र दत्तात्रेय रानडे हे १८८६ साली जमखंडी येथे जन्मले. १९१४ साली तत्त्वज्ञान घेऊन ते एम.ए.च्या परीक्षेत अग्रेसर आले व फर्ग्युसन कॉलेजात अध्यापक झाले. ग्रीक तत्त्वज्ञांचा त्यांनी मुळापासून अभ्यास केला. उपनिषदांतील तत्त्वज्ञानावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२६ साली पुण्यास प्रसिद्ध झाला. १९२७ साली ते अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणून गेले व तेथील कुलगुरुपदही त्यांनी भूषविले. महाराष्ट्रातील संतांच्या साक्षात्कारमार्गावर १९३३ साली त्यांनी जो ग्रंथ लिहिला, त्यामुळे ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, तुकाराम व रामदास ह्यांचा विचार जगातील विद्वानांपर्यंत शास्त्रशुद्ध रीतीने पोहोचला. हे सर्व करीत असता त्यांची नामस्मरणाची उपासना एक दिवसही खंडित झाली नाही असे त्यांचे शिष्य सांगतात. १९५७ साली निंबाळ येथील आश्रमात त्यांनी देह ठेवला. लोक त्यांस गुरुदेव म्हणत.

एकाच विषयाच्या वर्गातून देवाविषयी मौन धरणारे आगरकर निघाले आणि नामात रंगलेले गुरुदेवही निघाले. ह्याचा अर्थ असा की हा विषय विद्यार्थ्याच्या हाती तयार निष्कर्ष ठेवीत नाही. तो निष्कर्षापर्यंत जाण्याची वाट तपासून घ्यावयास लावतो. ज्याची श्रद्धा तपासणीत टिकली त्याची श्रद्धा अधिक बळकट होते; ज्याची टिकली नाही त्याला आपण कोठे उभे आहोत हे निदान कळते. ‘घरात तुकोबांची गाथा असता कॉलेजात कशास जावयाचे?’ असेही विचारतात. गाथेने अंतःकरण शुद्ध होते ह्यात संशय नाही. परंतु त्याच गाथेचा आधार घेऊन दोन वक्ते परस्परविरुद्ध गोष्टी सांगू लागले, म्हणजे कोणाचे ऐकावे हे ठरविण्यास विवेचक बुद्धीच लागते.

एका गिरणीमालकाची दृष्टी

आता द्रव्य कोणी पुरविले ह्या प्रश्नाकडे वळू. खानदेशात बोरी नदीच्या काठी अमळनेर हे गाव आहे. सखाराम महाराजांच्या समाधीमुळे वारकऱ्यांस ते पूर्वीपासून परिचित. सुरत-भुसावळ लोहमार्गामुळे व्यापाऱ्यांसही. ह्या गावी कापडाची गिरणी चालविणारे श्रीमंत प्रताप शेठ ह्यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर नावाची संस्था काढली. धर्मशाळा किंवा घाट बांधून पुण्य जोडणारे धनिक पुष्कळ झाले. पदवीधर तरुणांनी निश्चिंतपणे बसून वेदान्ताचा व पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा तौलनिक अभ्यास करावा, त्यासाठी त्यांना राहण्यास जागा, वाचण्यास ग्रंथ व खर्चास विद्यावेतन मिळावे, असे वाटणारा गिरणीमालक मात्र विरळाच.

ह्या आडबाजूच्या गावी दूरदूरचे पंडित येऊन राहिले. बंगालचे कृष्णचंद्र भट्टाचार्य हे आधुनिक भारताचे एक श्रेष्ठ तत्त्वचिंतक. त्यांचा एक प्रमुख इंग्रजी ग्रंथ १९३० साली अमळनेरच्याच संस्थेने छापला आणि पुढे काही काळ ते स्वतः तेथे संचालक होते. घनश्यामदास मलकाणी, रासबिहारी दास व टी. आर. व्ही. मूर्ती ह्या तिघांनी तेथे केलेल्या चर्चेतून ‘अज्ञान’ ह्या वेदान्तातील संकल्पनेवर १९३३ साली एक पुस्तक निघाले. ह्या पुस्तकाची मौज अशी की तिघांची मते एक नाहीत. एका विषयावर तिघांनी तीन बाजूंनी लिहिले आणि ते एकाच वेष्टनात प्रसिद्ध केले. मतभेद असूनही एका पंगतीस बसता येते, हे त्यांनी दाखवून दिले. मलकाणींच्या संपादकत्वाखाली अमळनेरहून निघणारे तत्त्वज्ञानाचे इंग्रजी त्रैमासिक कित्येक दशके चालले. १९७३ साली पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने नवे त्रैमासिक सुरू केले ते ह्याच परंपरेचा धागा पुढे नेण्यासाठी.

ह्याच मंदिरात १९२३ च्या सुमारास कोकणातील एक गरीब तरुण अभ्यासासाठी येऊन राहिला. त्याचे नाव पांडुरंग सदाशिव साने. साने गुरुजींचे मन तेथील सूक्ष्म चर्चेत फार काळ रमले नाही. १९२४ साली ते गावातीलच प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले व वसतिगृहातील मुलांसाठी हाताने लिहून रोजचे ‘छात्रालय’ दैनिक काढू लागले. १९३० साली नोकरीचा राजीनामा देऊन ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. कोणी म्हणेल, मग प्रताप शेठांचे विद्यावेतन फुकट गेले. प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. विद्येचे दान करणाऱ्याने पीक कोणत्या शेतात उगवेल ह्याचा हट्ट धरू नये. आणि ज्या तत्त्वचिंतनाला लोकांच्या सुखदुःखाकडे पाहण्यास सवड नाही ते अपुरे आहे, हा धडा गुरुजींनी त्या मंदिराच्या दारातून बाहेर पडून दिला. तोही तत्त्वज्ञानाचाच धडा होय.

प्रश्न विचारण्याचे धैर्य

इरावती कर्वे ह्यांचे नाव मानवशास्त्रज्ञ म्हणून आपण ऐकतो. १९२६ साली फर्ग्युसन कॉलेजातून त्या पदवीधर झाल्या तेव्हा त्यांचा विषय तत्त्वज्ञान होता. पुढे त्या संशोधनासाठी जर्मनीत बर्लिन येथे गेल्या. तेथील मार्गदर्शक ओयगेन फिशर ह्यांची अशी समजूत होती की युरोपीय लोकांच्या कवटीची ठेवण इतर वंशांहून निराळी असून त्यांच्या बुद्धीचे श्रेष्ठत्व त्यावरून सिद्ध होईल. बाईंनी कवट्या मोजल्या आणि ही समजूत मोजमापांत टिकत नाही असा निष्कर्ष लिहून दिला. परदेश, परकी भाषा, पदवी देणे न देणे ज्याच्या हाती त्याचेच मत, आणि वय पंचविशीच्या आतबाहेर! अशा वेळी ‘जे दिसले ते असे आहे’ एवढेच लिहिण्यास काय लागते, ह्याचा आपल्या मुलींनी विचार करावा. त्यांचे ‘युगान्त’ १९६७ साली प्रसिद्ध झाले व १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यास मिळाला. महाभारतातील पूज्य व्यक्तींनाही ‘तू असे का वागलास?’ असे विचारण्याची जी रीत त्या पुस्तकात आहे, तिचे बीज त्यांच्या ह्या पहिल्या अभ्यासात असावे असे वाटते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. परंतु बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा तेथे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन ड्यूई ह्यांची व्याख्यानेही त्यांनी ऐकली. १९३६ साली लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी त्यांनी जे भाषण तयार केले, त्यातील मते पाहून मंडळाने संमेलनच रद्द केले व बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापले. त्यात त्यांनी आपल्या ह्या गुरूचे ऋण नाव घेऊन मान्य केले आहे. समाजाने पूर्वजांकडून आलेले सारेच्या सारे पुढच्या पिढीच्या हवाली न करता, उद्याचा समाज ज्यामुळे अधिक चांगला होईल तेवढेच निवडून द्यावे, हा ड्यूईंचा विचार त्यांनी तेथे मांडला आहे. १९५२ च्या जून महिन्यात कोलंबिया विद्यापीठाची सन्मानाची पदवी स्वीकारण्यासाठी ते न्यूयॉर्कला गेले. तेथे गुरूंची भेट होईल अशी त्यांची आशा होती. परंतु १ जूनलाच ड्यूई निवर्तले होते. ह्या योगाचे त्यांना अतिशय दुःख झाले.

ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत ह्या भाषणाचा उल्लेख पाहून कोणास आश्चर्य वाटेल. परंतु आपली संस्था ज्ञातीच्या नावाने उभी आहे म्हणूनच तो येथे केला पाहिजे. ‘ज्ञाती कशासाठी? आपल्याच मुलांस साहाय्य का, शेजारच्या होतकरू मुलास का नाही?’ हा प्रश्न आपल्याला आज ना उद्या कोणी तरी विचारणारच. तो आपल्याच घरातील मुलाने अभ्यासपूर्वक विचारावा व आपण त्यास विचारपूर्वक उत्तर द्यावे, ह्यात संस्थेचे हितच आहे. ज्या उत्तराने आपले आपल्यालाच समाधान होणार नाही, ते नियमावलीत छापून ठेवल्याने खरे ठरत नाही.

मराठीतून तत्त्वज्ञान

ही सारी विद्या इंग्रजीत कोंडलेली आहे असेही समजू नये. कृष्णचंद्र भट्टाचार्य ह्यांनी ‘विचारांतील स्वराज्य’ ह्या विषयावर एक व्याख्यान दिले होते. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९५४ साली छापले गेले. राजकीय दास्यापेक्षा मनाचे दास्य अधिक सूक्ष्म असते, कारण ते दास्य आहे हेच लक्षात येत नाही, असा त्याचा आशय. ते दास्य घालवावयाचे तर आपल्या भाषेत विचार करता आला पाहिजे. प्राध्यापक दे. द. वाडेकर ह्यांच्या संपादकत्वाखाली १९७४ साली प्रसिद्ध झालेला तीन खंडांचा मराठी तत्त्वज्ञान-महाकोश हा त्या दिशेने झालेला मोठाच उद्योग होय. मे. पुं. रेगे ह्यांनी मुंबईत महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकविता शिकविता ‘नवभारत’ मासिकातून अवघड विषय सामान्य वाचकास कळेल अशा मराठीत आयुष्यभर मांडला.

ह्याच रेग्यांनी व राजस्थानचे दयाकृष्ण ह्यांनी पुढाकार घेऊन १९८३ साली पुण्यात एक अपूर्व सभा घडवून आणली. एका बाजूस इंग्रजीत शिकलेले विद्यापीठीय प्राध्यापक आणि दुसऱ्या बाजूस पाठशाळेत वाढलेले न्याय-मीमांसेचे शास्त्री. इंग्रज तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल ह्यांचे विधानाविषयीचे विचार संस्कृतात मांडून शास्त्रीमंडळींपुढे ठेवण्यात आले आणि शास्त्रीबुवांनी आपल्या शास्त्राच्या परिभाषेत त्यांचा परामर्श घेतला. दीडशे वर्षे एकाच शहरात राहून एकमेकांशी न बोललेल्या दोन विद्या त्या दिवशी समोरासमोर बसल्या. विद्यापीठात हा विषय जिवंत नसता, तर ही बैठक घडविण्याचे कोणाच्या मनात आले असते?

पोटाचा प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. केवळ तत्त्वज्ञानाची पदवी घेतली की दुसऱ्या दिवशी नोकरी हजर, असे सांगणे असत्य होईल. प्राध्यापकाच्या जागा थोड्या असतात व त्यांसाठी पुष्कळ वर्षे थांबावे लागते. हे पालकांनी व मुलांनी आधीच समजून घ्यावे. परंतु ह्या विषयाचा पाया घालून कायदा, अध्यापन, वृत्तपत्रव्यवसाय किंवा शासकीय सेवा ह्यांकडे वळता येते. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान हा ऐच्छिक विषय घेता येतो. आणि २०१३ पासून त्या परीक्षेत नीतिविचाराची एक स्वतंत्र प्रश्नपत्रिका प्रत्येक उमेदवारास सोडवावी लागते.

ज्यांच्या घरी संगणकाखेरीज दुसरे नाव निघत नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. जॉर्ज बूल ह्या गणितज्ञाने १८५४ साली विचारांचे नियम बीजगणिताच्या रूपात मांडले. हे तर्कशास्त्र पुढे ऐंशी वर्षे बहुतेक पुस्तकांतच राहिले. अमेरिकेतील क्लॉड शॅनन हा विजेच्या शास्त्राचा विद्यार्थी मिशिगन विद्यापीठात असताना तत्त्वज्ञानाच्या एका वर्गाला बसला आणि तेथे त्याची बूलच्या तर्काशी ओळख झाली. पुढे विजेची बटणे व जोडण्या पाहताना त्याच्या ध्यानात आले की ‘खरे-खोटे’ आणि ‘चालू-बंद’ ह्यांचे नियम एकच आहेत. १९३७ साली त्याने हे आपल्या प्रबंधात सिद्ध केले, आणि आजच्या सर्व संगणकांची मंडले त्या तत्त्वावर उभी आहेत. आपली मुले ज्या यंत्रावर पगार मिळवितात, त्याच्या पोटात तत्त्वज्ञानाच्या वर्गातील एक धडा आहे.

आपले कर्तव्य

आपल्या संस्थेच्या गुणगौरव समारंभात दरवर्षी वैद्यक, अभियांत्रिकी व हिशेबशास्त्र ह्यांत यश मिळविलेल्या मुलांचा सत्कार होतो. तो योग्यच आहे आणि त्या मुलांचा आपणांस अभिमान आहे. परंतु शिष्यवृत्तीच्या अर्जावर ‘व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी’ अशी अट आहे. ह्या अटीमुळे तत्त्वज्ञान, इतिहास किंवा भाषा शिकू इच्छिणारा आपला विद्यार्थी अर्ज करू शकत नाही. ज्यांच्या घरी सुबत्ता आहे त्यांची मुले मनाजोगा विषय घेतील. गरिबाच्या मुलाची आवड मात्र त्या अटीपाशीच संपेल. टेंभूच्या मुलास आज आपल्या निधीतून एक पैसाही मिळाला नसता, हे लक्षात घेतले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य कळेल.

वरील हिशेबात एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. ह्या विद्येचे पीक आले तेथे तेथे कोणी तरी आधी खर्च सोसला आहे. अमळनेरास तो एका गिरणीमालकाने सोसला, बडोद्यास एका राजाने, आणि आगरकरांच्या बाबतीत त्यांच्या मातेने मोठ्या पगाराची आशा सोडून सोसला. आपण राजे नाही, गिरणीमालकही नाही. परंतु शेकडो कुटुंबांची वर्गणी एकत्र झाली तर एका विद्यार्थ्याचा भार सहज उचलता येतो.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे तीन सूचना ठेवीत आहे. पहिली, शिष्यवृत्तीच्या नियमांतील उपरोक्त अट काढून टाकावी. दुसरी, तत्त्वज्ञान विषय घेणाऱ्या एका विद्यार्थ्यास किंवा विद्यार्थिनीस पदवी मिळेपर्यंत व पुढे एम.ए. होईपर्यंत अखंड साहाय्य देण्याची एक शिष्यवृत्ती राखून ठेवावी. मध्येच खंड पडला तर गरीब मुलाचे शिक्षण थांबते, ह्याचा अनुभव शिक्षकांस नित्य येतो. तिसरी, संस्थेच्या वाचनालयात मराठी तत्त्वज्ञान-महाकोशाचे खंड, आगरकरांचे निबंध व ‘युगान्त’ ही पुस्तके असावीत, म्हणजे ज्यांस कॉलेजात जाता आले नाही त्यांनाही ती हाती घेता येतील. ह्या तिसऱ्या सूचनेत लेखकाचा थोडा स्वार्थ आहे हे तो मान्य करतो.

पहिल्या सूचनेसाठी पैसा लागत नाही, फक्त ठराव लागतो. दुसऱ्या सूचनेच्या निधीस प्रस्तुत लेखक आपल्या निवृत्तिवेतनातून यथाशक्ती रक्कम देण्यास तयार आहे; ज्ञातिबांधवांनी आपापल्या शक्तीप्रमाणे त्यात भर घालावी. येत्या वार्षिक सभेत हा विषय चर्चेस घ्यावा, त्यास विरोध असल्यास कारणासहित मांडावा आणि कारणांचे वजन करून निर्णय घ्यावा, अशी नम्र विनंती करून हा लेख पुरा करतो.